बिनभुताच्या घरात लसणाचा वास

करुणाच्या माहेरी भुताला प्रवेशच नव्हता. छप्पन्न साली तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधून खाडीत सोडले, आणि त्याच गाठोड्यातून भुतं, चेडे, देवचार सगळेच वाहून गेले, असं तिचे वडील रामजी गुरुजी सांगत. "देवच गेले, मग भुतं राहतील कुणाच्या जिवावर?" असं विचारून स्वतःच हसत. लग्न होऊन करुणा रत्नागिरीत आली ती हाच कायदा घेऊन. त्यामुळे एकोणपन्नासाव्या वर्षी, नाचणे भागातल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, भरदुपारी शिलाई मशीनवर बसलं की आपली मेलेली आई येऊन शेजारी उभी राहते, हे सांगायला तिला या जगात कोपरासुद्धा मोकळा नव्हता.

दिसत काही नसे. वास यायचा. लसणाचा.

सुईत दोरा ओवायला वाकली की यायचा. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना यायचा. फोडणीचा खमंग वास नव्हे; कच्चा, ठेचून ठेवलेला, अंगाच्या उबेनं आंबट झालेला. पहिल्यांदा तिनं स्वयंपाकघरातला लसूण उचलून खिडकीबाहेर टांगला. मग आठ दिवस लसूण आणलाच नाही. नवरा राकेश एसटीत कंडक्टर. चिपळूणची फेरी मारून आला की जेवायला बसे. तो म्हणाला, "बांगड्याला लसूण नाही? काय सुतक लागलंय काय घराला?" लसूण घरात नव्हता. वास होता.

तो वास करुणाच्या नाकात छत्तीस वर्षांपूर्वी बसला होता, गुहागरजवळच्या वाडीत.

तिची आई जाईबाई तेव्हा छत्तिशीची. आधी ती सुजली. मग तिला थंडी वाजायला लागली, आणि ती कशी, तर मे महिन्यात, जांभा तापून पाय भाजत असताना, ती घोंगडी पांघरून कुंपणाच्या गडग्यावर उन्हात बसायची. भुवया बाहेरच्या बाजूनं गळून गेल्या. हाक मारली तर थोड्या वेळानं वळून बघायची, विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज उशिरा यावा तशी. आणि मग तिचा आवाज बदलला. जाड, घोगरा, पुरुषी. गोदामावशीनं, जाईबाईच्या बहिणीनं, तो ऐकला आणि छातीला हात लावून म्हणाली, "जाईला बापया लागलाय."

"माझ्या घरात काही लागत नाही," गुरुजी म्हणाले, आणि भगताला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. बरोबरच केलं. पण त्यांनी डॉक्टरही आणला नाही. भूत नाही, म्हणजे काहीच नाही, असं त्यांचं गणित. काहीच नाही म्हणजे आळस. आळसावर औषध म्हणजे बोलणी. जाईबाईला मागच्या खोलीत ठेवलं, कारण वाडीतले लोक ऐकायला येऊ लागले होते. गोदामावशीनं गुरुजींच्या चोरून तिच्या चोळीत लसणाच्या पाकळ्यांची माळ शिवली. ती माळ तिथंच वाळली, कुजली, पुन्हा नवी आली. खोलीला तोच वास.

त्या साली थंडीत, कोकणात पडते तेवढ्या थंडीत, एका दुपारी करुणा शाळेतून आली. तेरा वर्षांची होती. आतून तो आवाज आला, "करु. चाय दे."

करुणानं चहा केला. कप घेऊन दारापर्यंत गेली. दाराशी तो वास आला, आत काहीतरी हललं, आणि पुन्हा तो आवाज: "करु, आलीस?" करुणा उभीच राहिली. मग पावलं न वाजवता मागं फिरली, चहा माडाच्या बुंध्यात ओतला आणि कप धुऊन पालथा घातला. संध्याकाळी गुरुजींनी पाहिलं तेव्हा जाईबाईला जाग येत नव्हती. चिपळूणच्या दवाखान्यात ती दोन दिवस होती, ती तशीच गेली. लोकांना गुरुजींनी सांगितलं, कावीळ झाली. पुढं करुणानंही तेच सांगितलं. राकेशला, शेजाऱ्यांना, आणि स्वतःच्या मुलीला, दीप्तीला.

दोन वर्षांपूर्वी करुणाचंच रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी कागद बघून सांगितलं, "हाशिमोटो. शरीर आपल्याच थायरॉईडला परकं समजतं आणि तिच्यावर चालून जातं." मग लक्षणं विचारू लागल्या. थंडी वाजते? चेहरा सुजतो? आवाज जड झालाय? करुणा ऐकत होती आणि तिच्यापुढे गडग्यावर घोंगडी पांघरलेली बाई बसली होती. उपचार काय, तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मुगाच्या डाळीएवढी. एवढ्याशासाठी, करुणाच्या मनात आलं, एवढ्याशासाठी गेली ती.

"घरात आणखी कुणाला होतं?"

"नाही," करुणा म्हणाली.

राकेशला घरी येऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "शरीर आपल्याच माणसावर चालून जातं? मग जपानी नाव कशाला? आमच्या भावकीचं द्यायचं." ती हसली. पण त्या दिवसापासून तिला एकच धास्ती: आपण जाईबाई होणार. आणि दीप्ती कपभर चहा घेऊन दाराशी उभी राहणार.

म्हणून ज्यानं जे दिलं ते ती खात गेली.

पहिली बाटली आली ती दीड वर्षानं, रुबिनाची. रुबिना शेजारच्या ब्लॉकमधली. तिचा नवरा अयूब दोह्याला. आखातातून आलेली वस्तू परत करायची नसते, हे कोकणात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. अत्तर असो, ब्लँकेट असो की गोळ्या. "सेलेनियम हाय गो," रुबिना बाटली मशीनवर ठेवत म्हणाली. "अयूबच्या कंपनीत मल्याळी नर्स हाय, तिची थायरॉईड यानंच उतरली. दोन दोन खा. एकीनं काय होतंय? मी विचारणार हाय रोज." आणि खरंच विचारायची, गॅलरीतून, कपडे वाळत घालता घालता, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं: "खाल्लीस का गो?"

दुसरी बाटली दीप्तीनं नेरूळहून मागवून पाठवली. वर हिरवं पान आणि एक हसणारी गोरी बाई. फोनवर म्हणाली, "आई, हे औषध नाहीये, नॅचरल आहे. अँटीबॉडी कमी होतात. डॉक्टरांना सांगत बसू नकोस, त्यांना असल्या गोष्टींचा राग येतो." पोटच्या पोरीनं पाठवलेलं, त्याला नाही कोण म्हणणार?

तीन महिन्यांनी करुणाचे केस गळू लागले. विंचरताना मूठ भरायची. नखांवर पांढरे पट्टे उठले, मग ती कडेनं तुटू लागली, आणि शिफॉनचं कापड हातात घेतलं की धागा अडकून ओढला जाई. आनंदीबाई नावाची जुनी गिऱ्हाईक होती, तिनं ते पाहिलं आणि केस-नखांच्या गोळ्यांची तिसरी बाटली सुचवली. ती करुणानं स्वतःच मेडिकलमधून आणली.

आता ती पहाटे उठून डॉक्टरांची गोळी, रुबिनाच्या दोन, दीप्तीच्या दोन आणि तिसऱ्या बाटलीतल्या दोन अशा एका तळहातावर घ्यायची आणि एकाच घोटात, सगळ्यांचा मान राखून, गिळायची. जितके केस गळत तितक्या ती नेमानं गोळ्या घेई. एक दिवस चुकला तर त्याचा दंड म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त.

आणि याच दिवसांत वास आला.

मग थंडी आली. राकेश पंखा लावे, ती शाल घेई. तो म्हणे, "अगो, घामानं माझं बनियन निघत नाही आणि तू काय काश्मीरला निघालीस?" ती शाल काढून ठेवायची आणि तो ड्युटीवर गेला की पुन्हा पांघरायची. आरशात चेहरा रोज जरासा ओळखीचा होत चालला होता. तिच्या ओळखीचा नव्हे, दुसऱ्या कुणाच्या.

एका दुपारी दीप्तीचा फोन आला. करुणा "हॅलो" म्हणाली.

"बाबा, आईला द्या ना," दीप्ती म्हणाली.

करुणानं कात्री खाली ठेवली. पलीकडून "बाबा? हॅलो?" चाललंच होतं. करुणानं फोन कापला. पंधरा मिनिटं थांबली, कोमट पाणी प्यायली, घसा साफ केला, आणि मग बारीक आवाज काढून स्वतःहून फोन लावला, शाळेच्या गॅदरिंगमध्ये लहान मुलीचं काम करावं तशी. "हो गो, बाबाच होते. आता गेले बाहेर."

त्या दिवशी तिनं दोन कप चहा केला. एक स्वतः प्यायली. दुसरा मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवून आली. बोलायचं तरी काय? घे, म्हणायचं? छत्तीस वर्षं उशिरानं? दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी राकेश लवकर आला आणि खिडकीतला कप बघून म्हणाला, "हा कुणाचा?"

"गार करत ठेवलाय."

"साय धरलीय त्याच्यावर. बर्फ करतेस काय?" मग जवळ आला, थांबला, आणि नाक पुसत म्हणाला, "करुणा, एक सांगू? रागवू नको. तू लसूण फार खातेस हल्ली. रात्री कूस बदललीस तरी येतो वास."

आजवर करुणानं मनाची समजूत घातली होती, की हा आपल्याच डोक्यातला खेळ. पण हा वास राकेशलाही येत होता. त्यानं जाईबाईला कधी पाहिलं नव्हतं, त्या खोलीत तो कधी गेला नव्हता. आनंदीबाई परवा माप देताना मान फिरवून उभी राहिली होती, तेही मग तिला आठवलं. म्हणजे ती खरोखरच आली होती. चहा मागायला आली होती आणि आता शेजारी नव्हे, आत शिरली होती.

"मी लसूण खात नाही," ती म्हणाली. तिच्या कानांना तो आवाज बापयाचा वाटला.

पुढल्या आठवड्यात दीप्ती माहेरी आली. तिला दिवस गेले होते, उलट्यांनी बेजार होती, आणि तिचा नवरा विनीत म्हणाला होता की थोडे दिवस आईकडे आराम कर. आराम राहिला बाजूला. दारात आईला पाहून तिनं बॅग सोडली ती जिन्यातच. रुबिनानं गॅलरीतून वाकून जाहीर केलं, "बरं झालं आलीस! तुझी आयशी माझं ऐकत नाय, गोळ्या चुकवत असणार!" दीप्तीनं आईला मिठी मारली आणि झटकन मागं झाली, वासानं तिला उमासा आला होता.

करुणानं ते पाहिलं. मुलगी दाराशी उभी होती आणि मागं सरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्तीनं घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि आईला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. करुणा वाटेत मनात म्हणत होती, डॉक्टर तपासतील, गोळी वाढवतील. पण आत शिरलेल्या बाईला त्या काय करणार?

डॉक्टरीणबाईंनी घसा बघायला टॉर्च लावला आणि "आ करा" म्हटलं. मग जराशा मागं झाल्या. "करुणाताई, सकाळी सकाळी लसूण?"

"तुम्हालाही येतो?" करुणानं विचारलं.

"न यायला काय झालं! नखं दाखवा. तोंडाला धातूसारखी चव येते? बोटांना मुंग्या? गोळीखेरीज आणखी काय घेता?"

"काही नाही," करुणा म्हणाली, आणि तिच्या मते ते खरंच होतं. बाकीची औषधं थोडीच होती. दीप्तीनं पिशवी टेबलावर उपडी केली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून एकेक लेबल वाचलं. दोह्याचं, हिरव्या पानाचं, केस-नखांचं. पेननं कागदाच्या पाठीमागे आकडे मांडले. "तिन्हींत सेलेनियम आहे. मोठ्या माणसानं दिवसाला चारशे मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, तुम्ही जवळजवळ साडेसातशेवर आहात. किती महिने? सहा? जास्त झालेलं सेलेनियम शरीर श्वासावाटे बाहेर टाकतं, त्याचा असा लसणासारखा वास येतो. केस, नखं, सगळं त्याचंच काम असावं. रक्त पाठवून खात्री करू, पण हे आजपासून बंद."

"पण अँटीबॉडी कमी होतात ना?" दीप्तीचा आवाज एवढासा झाला होता.

"काही अभ्यासांत आकडा उतरलेला दिसतो. पण माणसाला त्यानं बरं वाटतं, असं अजून ठामपणे कुणी दाखवलेलं नाही. आणि अन्नात मुळातच तूट असेल तिथली गोष्ट वेगळी. तुम्ही आठवड्यातले पाच दिवस मासे खाणार, तुम्हाला त्याची तूट कुठली?" मग तिसरी बाटली उचलून म्हणाल्या, "आणि ह्यात लोह आहे, कॅल्शियम आहे. हे थायरॉईडच्या गोळीबरोबर घेता? एकदम? मग ती गोळी अंगाला लागणार कशी? दोन वर्षांत जे सावरलं होतं ते तुम्ही बाई गेल्या काही महिन्यांत परत उलटं नेलंत. थंडी, सूज, आवाज, सगळं त्यामुळे."

करुणा ऐकत होती. एकेक गोष्टीला कारण मिळत होतं, एकेक खुंटी भिंतीतून उपटली जावी तसं. हलकं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं ते एवढंच: म्हणजे ती आलीच नव्हती. खिडकीतला चहा तिनं घेतला नाही तो आलीच नव्हती म्हणून.

डॉक्टरीणबाई आता दीप्तीकडे बघत होत्या. "तुम्ही का अशा पांढऱ्या पडलात?"

"मला दुसरा महिना आहे."

"मग तुमचीही टीएसएच करू, आजच. आईला आहे म्हटल्यावर तर करायलाच हवी. पहिले महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर असतं. आजीला होतं का काही?"

"नाही," दीप्ती म्हणाली. "आजी काविळीनं गेली. तिकडच्या डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलंय, घरात फक्त आईला आहे, तेही एवढं तेवढं."

ते 'नाही' करुणानं ओळखलं. तिनंच शिकवलेलं होतं ते, 'क' ला काना 'का' शिकवावं तसं. आता नुसतं मान हलवून बाहेर पडलं की झालं; रक्त तर घेणारच होते. पण तिच्या डोळ्यांसमोर दीप्तीचे पुढचे महिने उभे राहिले, आणि त्या महिन्यांत कुणीतरी तिला म्हणत होतं, काही नाही झालेलं तुला, आळस आहे.

"कावीळ नव्हती," करुणा म्हणाली. आवाज जाड, घोगरा आला. या वेळी तिनं घसा साफ केला नाही. "तिला हेच होतं. सूज होती, थंडी वाजायची, आवाज असाच झाला होता. भ्रमल्यासारखी बोलायची. लोक म्हणाले भूत, आमचे वडील म्हणाले आळस. वेळेवर डॉक्टरला कुणीच दाखवलं नाही. छत्तीस वर्षांची होती."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. दीप्ती बोलली ती बाहेर, लॅबच्या बाकावर, कापसाचा बोळा दंडावर दाबून धरत.

"तुला दोन वर्षं माहीत होतं."

"हो."

"मी गरोदर राहिल्याचं तुला पहिल्यांदा सांगितलं. विनीतच्या आईच्या आधी. तेव्हाही नाही बोललीस."

"नाही."

"का?"

मग करुणानं कपाचं सांगितलं. बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांच्या देखत, आजवर कुणाला न सांगितलेलं. दार, आवाज, माडाचा बुंधा, पालथा घातलेला कप. तिला वाटलं होतं दीप्ती हात धरील, म्हणेल, तू लहान होतीस. दीप्ती तसं काही म्हणाली नाही. "माझ्या बाटलीनं तुझे केस गेले," ती म्हणाली, "आणि तुझ्या गप्प बसण्यानं माझं काय गेलं असतं कोण जाणे. आपण दोघी धन्य आहोत." आणि रिक्षात ती आईच्या बाजूला नाही, कडेला सरकून बसली. घरी आल्यावर मात्र तिन्ही बाटल्या तिनंच कचऱ्यात टाकल्या, रुबिनाला गॅलरीत गाठून समजावलं, आणि रुबिना दोन दिवस रुसून तिसऱ्या दिवशी सुंगटं घेऊन आली. "डॉक्टरनं मासली बंद केली नाय ना?" एवढंच तिनं विचारलं.

दीप्ती नेरूळला परत गेली. जाताना नीट बोलली नाही. सहाव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"टीएसएच जास्त आहे. अँटीबॉडीपण निघाल्या. गोळी सुरू केलीय. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, वेळेत कळलं."

करुणानं डोळे मिटून घेतले. "उपाशीपोटी घे. दुसरं काही बरोबर घेऊ नकोस."

"तू सांगतेयस!" दीप्ती म्हणाली, आणि दोघींना जरा हसू आलं. मग दीप्तीनं विचारलं, "आई, आजी त्याच्या आधी कशी होती?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे आजारी पडायच्या आधी. तुझी बारा वर्षं गेली ना तिच्याबरोबर."

करुणानं तोंड उघडलं आणि तिला काहीच सापडेना. घोंगडी होती, दार होतं, तो आवाज होता. त्या एका वर्षानं बाकीची सगळी माणसं घराबाहेर काढून कडी लावून घेतली होती. ती मशीनवरच्या अर्धवट ब्लाउजकडे बघत राहिली. फोन ठेवावा की काय असं वाटायला लागलं. मग कुठूनतरी खाडीच्या चिखलाचा वास आल्यासारखं झालं, आणि गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका.

"तिला शीळ घालता यायची," ती म्हणाली.

"काय?"

"शीळ गो. दोन बोटं तोंडात घालून. बायका कालवं फोडायला खाडीत उतरायच्या आणि बोलता बोलता भरतीचं भान सुटायचं. आई गडग्यावर उभी राहायची आणि पाणी चढायला लागलं की अशी शीळ घालायची, की पलीकडच्या गावची कुत्री भुंकायची. गुरुजी म्हणायचे, मास्तरच्या बायकोनं शीळ घालावी? ती म्हणायची, मग तुम्ही उतरा पाण्यात सांगायला, धोतर वर करून."

पलीकडे दीप्ती खदखदून हसली. "तुला येते?"

"कुठली! शिकवायची मला. माझी नुसती हवा जायची."

"घाल बघू."

"वेडी की काय, सकाळच्या वेळी?"

"घाल ना."

करुणानं फोन खांद्याशी धरला, तुटक्या नखांची दोन बोटं जिभेखाली दाबली आणि फुंकर घातली. नुसती हवा. पलीकडूनही तसाच एक फुसका आवाज आला. दीप्तीही करून बघत होती. करुणानं बोटं जराशी आत सरकवली, ओठ घट्ट केले, पुन्हा फुंकलं. बारीक, तिरका, चिरका असा एक सूर निघाला आणि मध्येच तुटला.

आतून राकेश म्हणाला, "कोण आलंय गो?"

करुणानं पुन्हा श्वास भरून घेतला.